शैवाकातल्या शैवलपेशीत विकरं नेमकी कुठे असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, प्रकल्प करून घेणारे शिक्षक आणि नुसत्या कुतूहलापोटी लिहिणारे वाचक यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एन्झाइमसाठी 'विकर' आणि लायकेनसाठी 'शैवाक' हे शब्द वापरले आहेत. जिथे मराठी शब्द प्रयोगशाळेत कुणी उच्चारतच नाही तिथे रुळलेला शब्दच ठेवला आहे.

१. शैवाक, लायकेन, दगडफूल हे सगळं एकच का? आणि त्यात शैवल कुठे असतं?

शैवाक म्हणजेच लायकेन. दगडफूल हे त्यातल्या काही पानासारख्या जातींचं बाजारातलं नाव, गोडा मसाल्यात पडतं तेच. शैवाक ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ नंतरच्या काही वर्षांत मांडलं. त्या काळच्या शैवाकतज्ज्ञांना ते अजिबात पटलं नव्हतं. आडवा छेद घेतला की वर बुरशीची घट्ट साल, तिच्याखाली हिरव्या पेशींचा पातळ थर आणि त्याखाली बुरशीच्या तंतूंचा पोकळ कापूस दिसतो. आपला विषय त्या हिरव्या थराचा. बहुतेक शैवाकांत तिथे ट्रेबॉक्सिया हे एकपेशीय हिरवं शैवल असतं. सह्याद्रीत झाडांच्या सालीवर काळ्या रेघोट्या ओढल्यासारखे पांढरट डाग दिसतात, त्या ग्राफिस गटात ट्रेंटेपोहलिया असतं. पेल्टिजेरासारख्यांत नॉस्टॉक हे सायनोबॅक्टेरियम, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू, असतं. त्याचे नियम वेगळे आहेत, ते प्रश्न १३ मध्ये.

२. विकर आहे एवढं कळलं तर पुरे नाही का? ते पेशीत कुठे आहे याने काय फरक पडतो?

फरक पडतो, आणि शैवाकात तर दुप्पट पडतो. मॅलेट डिहायड्रोजनेज घ्या. ते पेशीद्रवात असतं, मायटोकॉन्ड्रियात असतं आणि हरितकणूतही असतं; प्रत्येक ठिकाणी त्याचं काम निराळं. शिवाय शैवाकात ते शैवलाकडेही आहे आणि बुरशीकडेही. अख्खं शैवाक खलबत्त्यात कुटून 'इतकी क्रियाशीलता मिळाली' असं लिहिलं, तर ती कुणाची हेच कळत नाही. वजनाने बघितलं तर शैवाकात बुरशीच फार जास्त असते, शैवलाचा वाटा बहुधा दहा टक्क्यांच्याही आत. म्हणजे शैवलाचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून आधी 'कुणाची पेशी' आणि मग 'पेशीत कुठे' असे दोन पत्ते शोधावे लागतात.

३. ट्रेबॉक्सियाची पेशी आतून कशी दिसते?

मध्यभागी एक मोठा, फाट्याफाट्यांचा हरितकणू असतो आणि पेशीचा बराचसा भाग तोच व्यापतो. केंद्रक बाजूला, हरितकणूच्या खाचेत. मायटोकॉन्ड्रिया कडेला. हरितकणूच्या पोटात पायरेनॉइड नावाचा प्रथिनांचा दाट गोळा असतो. त्यात थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या पटलांच्या, बारीक नळ्या शिरलेल्या असतात आणि त्या नळ्यांना चिकटून मेदाचे थेंब असतात. या नळ्यांची रचना जातीनुसार बदलते. थॉमस फ्रीडल यांनी १९८९ साली तिच्या आधारे ट्रेबॉक्सियाच्या पायरेनॉइडांचे प्रकार पाडले. विकरांचे फोटो वाचायला बसण्याआधी आपलं शैवल यातल्या कुठल्या प्रकाराचं आहे ते बघून ठेवा.

४. रुबिस्को कुठे असतं? सगळ्यांच्या परीक्षेत हाच प्रश्न येतो.

ट्रेबॉक्सियात मुख्यतः पायरेनॉइडमध्ये. रुबिस्को हे कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर. आठ मोठे आणि आठ लहान घटक मिळून ते सुमारे साडेपाच लाख डाल्टनचं होतं. माद्रिदमध्ये कार्मेन अस्कासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांची खूण लावून (प्रश्न ८) शैवाकातल्या शैवलांच्या पायरेनॉइडवर बरंच काम केलं आहे.

पण 'सगळं रुबिस्को पायरेनॉइडमध्ये' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. क्लॅमिडोमोनास या मुक्त राहणाऱ्या हिरव्या शैवलात हे नीट मोजलं गेलं आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असताना सुमारे ९० टक्के रुबिस्को पायरेनॉइडमध्ये होतं आणि तो वायू भरपूर दिला तेव्हा जेमतेम ४० टक्के. म्हणजे पत्ता परिस्थितीनुसार बदलतो. कोकोमिक्सा या शैवाकांत सापडणाऱ्या दुसऱ्या हिरव्या शैवलात पायरेनॉइडच नसतं. तिथे रुबिस्को हरितकणूच्या द्रवात पसरलेलं असतं. स्वीडनच्या क्रिस्टिन पाल्मक्विस्ट यांच्या कामातून या दोघांतला फरक स्पष्ट झाला: पायरेनॉइडवाल्या ट्रेबॉक्सियात कार्बन डायऑक्साइड साठवून एकवटण्याची यंत्रणा आढळते, कोकोमिक्सात ती आढळत नाही.

५. विकराची जागा शोधायच्या पद्धती कोणत्या?

मुख्य तीन. पेशी फोडून तिचे भाग वेगळे करायचे आणि प्रत्येक भागात विकर मोजायचं (प्रश्न ६). विकराला जागच्या जागी काम करू द्यायचं आणि त्यातून पडणारा रंगीत किंवा दाट साका पाहायचा (प्रश्न ७). किंवा विकराला ओळखणारं प्रतिपिंड लावून त्याच्यावर सोन्याचा कण बसवायचा (प्रश्न ८). पहिल्या दोन पद्धती विकराचं काम दाखवतात, तिसरी त्याचं शरीर दाखवते. निष्क्रिय विकरावरही सोनं बसतंच. म्हणून मी कुणालाही एकाच पद्धतीवर निष्कर्ष काढू देत नाही. एक पुरावा कामाचा आणि एक शरीराचा, असे दोन हवेत.

६. शैवल बुरशीपासून वेगळं करताना सगळा लगदा होतो. काय चुकतं?

बहुधा घाई. भिजवलेलं शैवाक हलक्या हाताने चिरडायचं, मलमलीतून गाळायचं आणि मग कमी वेगावर पुन्हापुन्हा सेंट्रिफ्यूज करायचं. बुरशीचे तंतू तुटून बारीक होतात, शैवलाच्या गोल पेशी जड असल्याने खाली बसतात. वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं. शेवटी सुक्रोज किंवा परकॉलच्या घनतेच्या थरांवर पेशी वेगळ्या काढायच्या. दर फेरीनंतर एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हिरव्या पेशीला चिकटलेले बुरशीचे तुकडे दिसतात तोवर पुढे जाऊ नका.

खरी अडचण त्यानंतरची. ट्रेबॉक्सियाची भिंत चिवट असते. ती फोडायला काचेचे मणी किंवा फ्रेंच प्रेस वापरली की नाजूक हरितकणूही फुटतो, त्यातलं रुबिस्को द्रवात सांडतं आणि ते 'पेशीद्रवातलं विकर' म्हणून वहीत जातं. हे टाळायला खुणेची विकरं मोजतात: मायटोकॉन्ड्रियासाठी सायटोक्रोम ऑक्सिडेज, पेरॉक्सिसोमसाठी (पेशीतली हायड्रोजन पेरॉक्साइड हाताळणारी छोटी पिशवी) कॅटालेज, थायलाकॉइडसाठी हरितद्रव्य. इथे एक सापळा आहे. हरितद्रव्य पटलाला चिकटलेलं असतं, त्यामुळे हरितकणू फुटून आतला द्रव वाहून गेला तरी हरितद्रव्य त्याच थरात मिळतं आणि आपल्याला वाटतं हरितकणू शाबूत आहेत. द्रवात विरघळणारी एखादी खूणही सोबत मोजायलाच हवी.

आणि शैवाकाम्लांकडे लक्ष द्या. उस्निक आम्ल, अ‍ॅट्रॅनोरिन यांसारखी बुरशीची फिनॉलयुक्त द्रव्यं पेशी फुटताच प्रथिनांना चिकटतात आणि विकर मारतात. बफरमध्ये पीव्हीपी हे फिनॉल शोषून घेणारं द्रव्य घालणं हा नेहमीचा उपाय. कोरडं शैवाक आधी अ‍ॅसिटोनने धुऊन घेतलं तरी यातली बरीच द्रव्यं निघून जातात. शैवाक पूर्ण कोरडं असेल तर अनेक जाती हा धुवा सोसतात. ओल्या शैवाकाला मात्र अ‍ॅसिटोन लावू नका.

७. डीएबीने तपकिरी रंग आला. म्हणजे तिथे पेरॉक्सिसोम आहे ना?

असेलच असं नाही. डीएबी हे ऑक्सिडीकरण झालं की तपकिरी होणारं द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सोबतीने, अल्कधर्मी द्रावणात कॅटालेज दाखवतं. सामू उतरला की तेच द्रव्य इतर पेरॉक्सिडेज दाखवू लागतं आणि पेरॉक्साइड नसतानाही मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम ऑक्सिडेज त्याला रंगवतं. शैवलाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे: उजेडात थायलाकॉइड स्वतःच डीएबीचं ऑक्सिडीकरण करतात. म्हणून हा प्रयोग अंधारात करा. एक नमुना अमिनोट्रायाझोल घालून ठेवा. ते कॅटालेज बंद करतं. दुसरा सायनाइड घालून, तोही देखरेखीखालीच.

आम्ल फॉस्फेटेजसाठी गोमोरींची शिशाची जुनी पद्धत अजून चालते. विकराने सोडलेला फॉस्फेट शिशाला पकडतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळा साका दिसतो. पण शैवलपेशीत पॉलिफॉस्फेटचे कण साठलेले असतात आणि शिसं त्यांनाही चिकटतं. विकराचा तिथे काही संबंध नसतो. सोडियम फ्लोराइड घालून विकर बंद केल्यावरही काळं राहत असेल, तर तुम्ही विकर नव्हे, पॉलिफॉस्फेट बघता आहात.

८. इम्युनोगोल्ड पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का?

सांगतो, कारण यात वाया जाणारे नमुने बहुतेक पहिल्याच दोन पायऱ्यांवर जातात.

शैवाकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा ओला करून, शैवल काम करत असताना, स्थिर करायचा. नेहमीचं मिश्रण म्हणजे चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड आणि अगदी थोडं ग्लुटराल्डिहाइड. ग्लुटराल्डिहाइड वाढवलं तर रचना सुरेख दिसते पण प्रतिपिंडाला बसायला जागा उरत नाही. ऑस्मियम शक्यतो टाळा. शैवाकाच्या आतल्या तंतूंवर पाणी न धरणाऱ्या प्रथिनांचं आवरण असतं आणि त्यांच्यामधे हवा भरलेली असते, त्यामुळे तुकडा द्रावणावर तरंगत राहतो. निर्वात पंपाखाली हवा काढली नाही तर हिरव्या थरापर्यंत औषध पोचतच नाही आणि तुम्ही अर्ध्या कुजलेल्या पेशींचे फोटो काढता.

पुढे अल्कोहोलने पाणी काढून एलआर व्हाइट रेझिनमध्ये किंवा थंडीत घट्ट होणाऱ्या लोविक्रिलमध्ये बसवायचं. ६० ते ९० नॅनोमीटरचे छेद निकेलच्या ग्रिडवर (छोट्या जाळीवर) घ्यायचे. तांब्याची ग्रिड पुढच्या द्रावणांतल्या क्षारांत गंजते. मग अल्ब्युमिनने रिकाम्या जागा झाकायच्या, पहिलं प्रतिपिंड, धुणं, सोन्याचे कण बसवलेलं दुसरं प्रतिपिंड, पुन्हा भरपूर धुणं. सोनं बहुधा १० किंवा १५ नॅनोमीटरचं. कोलॉइडी सोन्याचा हा उपयोग फॉक आणि टेलर यांनी १९७१ साली दाखवला.

एक मर्यादा लक्षात असू द्या. दोन प्रतिपिंडांच्या साखळीमुळे सोन्याचा कण खऱ्या जागेपासून पंधरा-वीस नॅनोमीटर दूर पडू शकतो. पायरेनॉइड की हरितकणूचा द्रव, एवढं ही पद्धत खात्रीने सांगते. पटलाच्या अलीकडे की पलीकडे, हे सांगत नाही.

९. फोटोत सगळे ठिपके पायरेनॉइडवरच दिसतात. मग मोजायचं कशाला?

डोळा घनता बघतो, एकूण साठा बघत नाही, म्हणून. एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. पायरेनॉइडवर दर चौरस मायक्रोमीटरला ४० ठिपके, बाकी हरितकणूत २ आणि नुसत्या रेझिनवर १. पार्श्वभूमी वजा केली की उरले ३९ आणि १. फोटोत पायरेनॉइड काळंभोर, बाकी स्वच्छ. पण पायरेनॉइड हरितकणूच्या आकारमानाच्या ५ टक्केच असेल तर? ३९ गुणिले ५ म्हणजे १९५. १ गुणिले ९५ म्हणजे ९५. एकूण २९०, त्यात पायरेनॉइडचा वाटा ६७ टक्के. एक तृतीयांश विकर त्या 'स्वच्छ' भागात आहे! हे गणित केल्याशिवाय 'फक्त पायरेनॉइडमध्ये' असं वाक्य लिहू नये.

तुलनेचे नमुनेही हवेत: पहिलं प्रतिपिंड न लावलेला छेद आणि पहिल्या प्रतिपिंडाऐवजी त्याच प्राण्याचा लसीकरणापूर्वीचा रक्तद्रव लावलेला छेद. शैवाकाचा आणखी एक फायदा म्हणजे त्याच छेदात शेजारी बुरशीची पेशी असते. तिच्यात रुबिस्को असूच शकत नाही. तिथे ठिपके दिसले तर ती तुमची पार्श्वभूमी. इतका प्रामाणिक साक्षीदार दुसऱ्या कुठल्या नमुन्यात आयता मिळत नाही.

१०. पालकाच्या रुबिस्कोचं प्रतिपिंड शैवलाला चालेल का?

बहुधा चालतं, कारण रुबिस्कोचा मोठा घटक वनस्पती आणि हिरव्या शैवलांत फारसा बदललेला नाही. तरी आधी वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखायची परीक्षा) करा आणि सुमारे ५५ हजार डाल्टनला एकच पट्टा येतो का बघा. इतर विकरांच्या बाबतीत ही सवलत धरू नका.

११. कोरड्या शैवाकात विकरं कुठे असतात ते बघायचं आहे. कोरडाच तुकडा द्रावणात टाकला तर?

तर तो कोरडा राहत नाही. द्रावणातलं पाणी आधी आत शिरतं आणि पेशी काही क्षणांत फुगते. तुम्ही नुकती भिजलेली पेशी बघता. कोरडी अवस्था जशीच्या तशी पकडायची तर वेगाने गोठवून, मग गोठलेल्या अवस्थेतच पाण्याच्या जागी विद्रावक भरावा लागतो. अति थंडीत गोठवलेल्या कोरड्या शैवाकाचं चित्रण झुरिकच्या रोझमारी होनेगर यांनी केलं आहे. त्यात आक्रसलेल्या शैवलपेशी पाहिल्या की साध्या पद्धतीच्या फोटोंवरचा विश्वास उडतो. म्हणून प्रत्येक निष्कर्षासोबत नमुना ओला होता की कोरडा, भिजवून किती वेळ झाला होता, उजेड होता की अंधार, हे लिहा.

१२. शैवल बाटलीत वाढवून त्याच्यावर प्रयोग केले तर सोपं नाही का?

सोपं आहे, पण ते तेच शैवल राहत नाही. शैवाकात असताना ट्रेबॉक्सिया रिबिटॉल ही साखरेची बहीण मोठ्या प्रमाणात बाहेर सोडतं आणि बुरशी ते घेऊन मॅनिटॉल करते. ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने १९६० च्या दशकात हे उलगडलं. शैवल वेगळं काढलं की ही गळती लवकरच आटते. बाटलीत पेशींच्या अंगी पिष्ट साठतं, त्यांची वाढ आणि विभाजन वेगळ्या चालीने होतं. बाटलीतल्या पेशीवर पद्धत बसवून घ्या आणि मग तीच शैवाकातल्या पेशीवर लावा. निष्कर्ष मात्र जिथला तिथेच ठेवा.

१३. नॉस्टॉक असलेल्या शैवाकात हरितकणू नाही. मग पत्ता काय लिहायचा?

नॉस्टॉकमध्ये रुबिस्को कार्बोक्सिसोम नावाच्या बहुकोनी डब्यांत असतं. हे डबे प्रथिनांच्या कवचाचे, पटलाचे नव्हेत. नायट्रोजन पकडणारं नायट्रोजिनेज मात्र हेटरोसिस्ट या खास पेशींत असतं. ऑक्सिजन लागला की ते विकर मरतं, म्हणून हेटरोसिस्टची भिंत जाड असते आणि ऑक्सिजन तयार करणारी प्रकाशयंत्रणा २ तिथे काम करत नाही. म्हणजे नॉस्टॉकच्या पेशींच्या एकाच माळेतल्या शेजारी मण्यांमध्ये दोन मोठी विकरं वाटून दिलेली. मला ही वाटणी या सगळ्या विषयातली सर्वात देखणी गोष्ट वाटते.

शैवाकात गेल्यावर आणखी एक बदल होतो. अमोनियाचं ग्लुटामिन करणारं ग्लुटामिन सिंथेटेज नॉस्टॉकमध्ये मंदावतं, त्यामुळे अमोनिया बाहेर पडून बुरशीला मिळतो. पेल्टिजेरा अ‍ॅफ्थोसामध्ये हिरवं शैवल (कोकोमिक्सा) आणि नॉस्टॉक दोन्ही असतात. तिथे नॉस्टॉक वरच्या छोट्या गाठींत राहतं, कार्बन पुरवायचं काम हिरव्याकडे असतं आणि हेटरोसिस्टचं प्रमाण एकट्या नॉस्टॉकवाल्या पेल्टिजेरापेक्षा कितीतरी जास्त असतं. इम्युनोगोल्डच्या कामात नमुना गाठीतला की पानातला, हे लिहायला विसरू नका.

१४. विकर पेशीच्या भिंतीतही असू शकतं का?

असू शकतं, आणि झँथोरिया परिएटिना या पिवळ्या शैवाकातलं युरिएज (युरिया मोडणारं विकर) हे त्याचं गाजलेलं उदाहरण. तेल अवीवमध्ये मार्गालिथ गालुन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास या शैवाकातून योग्य शैवलाच्या भिंतीला चिकटणारं एक प्रथिन मिळवलं. पुढे माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठात कार्लोस व्हिसेंते आणि मारिया एस्त्रेया लेगाज यांच्या गटाने असं मांडलं की भिंतीत ते ज्याला चिकटतं ते साखर जोडलेलं युरिएज आहे. म्हणजे बुरशीला आपला जोडीदार ओळखायला विकराचा उपयोग होतो. प्रयोग करताना सावध राहा: भिंतीला बुरशीचं काही चिकटून राहिलं असेल (प्रश्न ६) तर तेही 'भिंतीतलं विकर' म्हणून मोजलं जातं.

१५. दुकानातलं दगडफूल वापरून प्रयोग करता येईल का?

छेद घेऊन थर ओळखायला छान. विकरांसाठी नाही. पुडीत पार्मोट्रेमा आणि इतर जातींची सरमिसळ असते आणि ती किती महिने, कुठल्या उष्णतेत पडून आहे हे कळत नाही. शैवाक वाळून जिवंत राहतं, पण कितीही काळ नाही. ताजा नमुना लागला तर पडलेल्या फांद्यांवरचा घ्या. संरक्षित वनातून काहीही घेण्याआधी वनखात्याची परवानगी लागते. ओळख पटवायला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचा जुना संग्रह मोठा आधार आहे.

१६. जनुकसंच मिळाला की संगणकच विकराचा पत्ता सांगेल ना?

अंदाज सांगेल. हरितकणूत जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांच्या सुरुवातीला एक पत्त्याची चिठ्ठी असते आणि ती वाचणारे प्रोग्राम आहेत. क्लॅडोनिया ग्रेयी आणि तिच्यातल्या अ‍ॅस्टरोक्लोरिस शैवलाचा जनुकसंच २०१९ साली प्रसिद्ध झाल्यापासून हे काम सोपं झालं. पण हे प्रोग्राम मुख्यतः फुलझाडांवर शिकलेले आहेत आणि हिरव्या शैवलांत हरितकणूची व मायटोकॉन्ड्रियाची चिठ्ठी एकमेकींसारखी असल्याने ते गोंधळतात. क्लॅमिडोमोनासवर शिकवलेला प्रेडअल्गो त्यातल्या त्यात बरा.

१७. पाठ्यपुस्तकात ग्लायकोलेट पेरॉक्सिसोममध्ये मोडतं असं आहे. माझ्या शैवलात ते तिथे सापडत नाही. माझा प्रयोग चुकला का?

बहुधा पुस्तक चुकीच्या जिवाचं आहे. फुलझाडांत प्रकाशश्वसनातलं ग्लायकोलेट पेरॉक्सिसोममधलं ग्लायकोलेट ऑक्सिडेज मोडतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं. क्लॅमिडोमोनाससारख्या हिरव्या शैवलांत ते काम मायटोकॉन्ड्रियातलं ग्लायकोलेट डिहायड्रोजनेज करतं आणि पेरॉक्साइड तयारच होत नाही. त्यामुळे पेरॉक्साइडवर अवलंबून असलेली कुठलीही रंगाची परीक्षा इथे रिकामीच जाणार. रिकामा निकाल फेकून देऊ नका. डिहायड्रोजनेजची परीक्षा लावा आणि मायटोकॉन्ड्रियाच्या थरात बघा.

१८. एका जुन्या निबंधात नायट्रेट रिडक्टेज पायरेनॉइडमध्ये दाखवलं आहे, दुसऱ्यात पेशीद्रवात. कुणाचं धरू?

काही हिरव्या शैवलांबाबत इम्युनोगोल्डने पायरेनॉइड दाखवलं गेलं हे खरं. मात्र या विकराला लागणारं एनएडीएच आणि पेशीत नायट्रेटचा पुढचा प्रवास बघता पेशीद्रव हीच त्याची सर्वमान्य जागा आहे. पायरेनॉइड हा प्रथिनांचा इतका दाट गोळा आहे की अशुद्ध प्रतिपिंडातला थोडासा रुबिस्कोविरोधी अंशही तिथे ढीगभर ठिपके पाडतो. म्हणून आधी त्या निबंधातलं प्रतिपिंड कसं शुद्ध केलं होतं ते वाचा, ब्लॉटचा फोटो शोधा आणि ५५ हजार डाल्टनच्या जागी पुसटशी रेघ दिसते का ते भिंग लावून बघा.